शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख

१९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एकाच घरातल्या सात जणांचे खून झाले. त्यात लहान मुलंही होती. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. १९९८ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या दिवशी साडेबारा वर्षांचा होता. कोर्टात हे सिद्ध व्हायला २०२३ चा मार्च उजाडला.

पुरावा होता राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेचं रजिस्टर. जन्मतारीख : १ फेब्रुवारी १९८२. पोरगा तिथे तिसरीपर्यंत शिकला. खटल्याच्या कागदांत त्याचं नाव जरा वेगळं पडलं होतं, म्हणून रजिस्टरातला मुलगा आणि तुरुंगातला कैदी एकच, हेही दाखवावं लागलं. मोफत कायदेशीर मदत म्हणजे कोर्टातलं जोरदार भाषण असं आपल्याला वाटतं. खरं तर ती अशी जुन्या कागदांमागची पायपीट असते.

या कैद्याच्या पाठीशी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातला ‘प्रोजेक्ट ३९ए’ हा गट उभा राहिला. नाव राज्यघटनेतल्या अनुच्छेदावरून घेतलेलं. गरिबाला मोफत वकील मिळावा, हे १९७६ मध्ये घटनेत लिहिलं गेलं. पण त्याच विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा जो अहवाल काढला, तो वाचून माझी झोप उडाली. सुमारे तीन चतुर्थांश कैदी हलाखीतले. तरीही बहुतेकांनी खटल्यात खासगी वकील दिला होता. का? सरकारने दिलेल्या मोफत वकिलावर विश्वास नाही. मग जमीन गहाण पडते, आईच्या अंगावरचं डोरलं जातं, आणि एवढं करून वकील भेटतो तो तारखेला, कोर्टाच्या व्हरांड्यात, दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत कोण विचारणार, बाळा, तू शाळेत कुठे होतास?

२०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की फाशी देण्याआधी आरोपीचं बालपण, घर, मनाची अवस्था, तुरुंगातली वागणूक ही सगळी माहिती खटल्याच्या टप्प्यावरच समोर आली पाहिजे. ती आणायची तर कुणीतरी त्याच्या गावी जायला हवं. पहिल्या खेपेला आई दार लोटून घेते. तिच्याकडे आजवर पोलीसच आलेले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती चहा टाकते, तेव्हा कुठे ती बोलू लागते.

चूक उशिरा कळली की काय होतं, ते दाखवणाऱ्या जालना जिल्ह्यातल्या एका खटल्याचंही सांगतो. भटक्या जमातीतले सहा जण. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली, २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. आयुष्याची सोळा वर्षं तोवर गेली होती.

पुण्यातल्या त्या सात जणांचा आणि त्यांच्यामागे उरलेल्यांचा मला क्षणभरही विसर पडलेला नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. याने अठ्ठावीस वर्षं काढली. आत असताना तो एम.ए. झाला. आणि त्याची जन्मतारीख लिहिलेलं रजिस्टर तो आत गेला त्या दिवशीही त्याच्या शाळेत होतं.