जुना संगणक, हलका कारभार

(केज येथील बैठकीत ग्रामसंघांच्या लेखापाल तायांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या आसपास आपल्यातल्या कितीतरी जणी ऊसतोडीला जातात. जाण्याआधी प्रत्येकीला एक कागद हवा असतो: बचत किती जमली, कर्ज किती फिटलं. तो वेळेवर निघाला नाही, तर पुढचे पाच-सहा महिने ती बाई नुसत्या अंदाजावर राहते. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? लेखे वेळेवर आणि चोख. म्हणून कार्यालयातला संगणक चालता पाहिजे.

पण मशीन जुनं झालंय. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ बसतच नाही. मग दुकानदार म्हणतो, “भंगारात काढा, नवा घ्या.” बायांनो, नव्या संगणकाला जाणारा पैसा म्हणजे कोणाचं तरी शेळीसाठीचं कर्ज असतं. आधी दुसरा रस्ता बघू.

तो रस्ता म्हणजे लिनक्स. १९९१ साली सुरू झालेली ही प्रणाली फुकट मिळते. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं यावरच शिकतात. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचं लिनक्स काढलंय. तेव्हा हे कुठलं परकं खूळ नाही.

आता मुद्द्याचं. पडद्यावर चौकटी उघडतात, सरकतात, लहान-मोठ्या होतात, बंद होतात. हे सांभाळतो तो विंडो मॅनेजर. लिनक्समध्ये तो आपल्याला निवडता येतो. काही दिसायला झगमगीत असतात, पण मेमरी फार खातात. रोजच्या चार भाकरींसाठी लग्नाची चूल पेटवायची कशाला?

निवड करताना आधी मशीनची रॅम विचारा.

१ जीबी असेल तर आइसडब्ल्यूएम. हा १९९७ पासूनचा आहे, फार हलका आहे. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनूचं बटण, म्हणजे सवयीचंच. ‘अँटीएक्स’ नावाच्या लिनक्समध्ये तो तयारच मिळतो आणि अगदी जुन्या ३२ बिटच्या मशीनसाठीही ते लिनक्स मिळतं.

२ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी. हा नुसता विंडो मॅनेजर नाही, सोबत फायली बघायची आणि सेटिंगची सोयही येते. ‘लुबंटू’मध्ये हाच असतो. मात्र त्याला ६४ बिटचं मशीन लागतं.

४ जीबी असेल तर एक्सएफसीई. १९९६ पासून चालत आलेला, शिकायला सोपा. ‘लिनक्स मिंट’मध्ये याची वेगळी आवृत्ती मिळते.

याहून हलके प्रकारही आहेत, उदाहरणार्थ आय-थ्री. पण त्यात माउसपेक्षा कळफलकावर भर असतो, कळांच्या जोड्या पाठ कराव्या लागतात. एकट्या हुशार पोराला ते आवडेल, आपल्या कार्यालयाला नको. का? आपली लेखापाल बदलते, सचिव बदलते. संगणक एकीलाच चालवता येत असला, तर सगळ्या गटांचा हिशेब तिच्या एकटीच्या हातात जातो. म्हणून सगळ्यांत हलका शोधू नका. मशीनला पेलेल आणि नवी आलेली ताईसुद्धा दोन दिवसांत चालवील, असा घ्या.

एक गोष्ट खरी सांगते. विंडो मॅनेजर हलका केला म्हणून इंटरनेट हलकं होत नाही. ब्राउझर स्वतःच पुष्कळ मेमरी खातो. १ जीबीच्या मशीनवर हिशेबाचा तक्ता आणि पत्रं चालतील, पण ऑनलाइन अर्ज भरताना अडखळेल. अर्ज भरताना एकच पान उघडं ठेवा. रॅम वाढवता येते का, हेही दुरुस्तीवाल्याला विचारा.

आणि जुनं विंडोज पुसण्याआधी एवढं कराच:

१. सगळ्या फायली दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.
२. लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा. त्याला आतलं काही पुसावं लागत नाही.
३. प्रिंटरवर एक कागद काढा. मराठी टंकून बघा.
४. टॅली, अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सही, यांतलं काही वापरत असाल, तर ते लिनक्सवर चालेल का, हे आधी विचारा. नसेल चालत, तर त्या कामापुरती वेगळी सोय लावा.
५. जुन्या एक्सेलच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडा आणि बेरजा वहीशी ताडून घ्या.

हे सगळं पटलं, तर बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात लिहा आणि दोघीतिघींना एकदमच शिकवा. टोळ्या निघायच्या आधी प्रत्येकीच्या हातात तिचा कागद पडला पाहिजे.