वाकळ शिवायचे दिवस

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात, ‘निवृत्तीनंतरचा माझा छंद’ या विषयावर केलेले भाषण)



या हॉलमधले सहाही पंखे चालू आहेत आणि तरीही प्रत्येकाच्या हातात निमंत्रणपत्रिकेचा पंखा आहे. सोलापूरचा मे महिना कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. अशा उकाड्यात मी तुम्हाला पांघरुणाबद्दल सांगणार आहे. हसा, हसून घ्या. मी बँकेतून २०२३ मध्ये निवृत्त झाले आणि त्या उन्हाळ्यापासून वाकळा शिवते. काही जण गोधडी म्हणतील. आमच्या घरात वाकळच म्हणत.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, एवढ्या उन्हात कशाला? अहो, वाकळ हे उन्हाळ्याचंच काम आहे. खेड्यात सुगी उरकलेली असते, मृगाला अवकाश असतो, दिवस मोठा असतो. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकदा खळखळून धुवाव्या लागतात. त्या एका दिवसात कडकडीत वाळतात त्या याच दिवसांत. पावसाळ्यात शिवलीत तर आतल्या थरांना कुबट वास धरतो. आणि थंडी पडल्यावर शिवायला बसलं तर पांघरायचं काय? म्हणून बायका चैत्र-वैशाखात सावडीनं एकमेकींच्या दारात बसायच्या. आज तुझी, उद्या माझी.

पण हे कळायच्या आधी मी एक उन्हाळा चुकांत घालवला. दुपारी दोनला, वरच्या खोलीत, पाच थरांचं कापड मांडीवर घेऊन बसायची. आठ दिवसांत पायांना घामोळं आलं. घामानं सुई निसटायची, दोन दिवस तशीच टोचून ठेवली की गंजायची आणि कापडावर तांबडा डाग पडायचा. पंखा लावला की तुकडे उडायचे, बंद केला की मी.

शेवटी आमच्या गल्लीतल्या एक मावशी मदतीला आल्या. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या वाकळा शिवून दिल्या आहेत. त्यांनी माझं काम पाहिलं आणि काही न बोलता अर्धी वाकळ उसवली. म्हणाल्या, “टाका ओढू नको. कापडाला बसू दे.” मी दोरा घट्ट ओढायची, म्हणून चुण्या पडत होत्या.

त्यांनी शिकवलेलं थोडक्यात सांगते, कुणाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल. काम पहाटे साडेपाच ते आठ. आदल्या रात्री शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. सकाळी ती गार असते. कापड मांडीवर घ्यायचंच नाही, फरशीवर अंथरायचं आणि कडेला बसून शिवायचं. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. त्याचे चार तुकडे करून दोन-दोन जोडले की वरचा आणि खालचा असे दोन्ही पदर एकाच लुगड्यातून निघतात. मध्ये जुन्या चादरी किंवा धोतरं, पण सुतीच. टेरिकॉट घातलंत तर वाकळ घाम शोषत नाही आणि सुईही हट्ट करते. चारी बाजूंनी मोठे कच्चे टाके घालून थर पक्के करायचे, मग वर ठिगळं मांडायची. वारा हवा असेल तर ठिगळांवर स्टीलच्या वाट्या उपड्या ठेवायच्या. दोरा दुपदरी, मेणावरून एकदा ओढलेला. बोटांना थोडी पावडर. धावदोरा कडेपासून सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत मध्याकडे जायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. दुपारी फक्त बसल्या कामाची कामं: ठिगळं कापायची, कडा दुमडायच्या, दहा-बारा सुयांत दोरे ओवून ठेवायचे. माझ्या वयाला हे ओवणं उजेड चांगला असतानाच जमतं.

अशी एक वाकळ मला साधारण सहा आठवड्यांत होते. तो वेळ कसा जातो ते सांगता येत नाही. बँकेत पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. आता टाके मोजायला लागते आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला मोजणं सुटतं. कोकिळा ओरडत असते, नळाला पाणी आलेलं असतं, शेजारच्या घरी चहाचं आधण ठेवलेलं ऐकू येतं. ऊन अंगणात उतरेपर्यंत हातभर काम झालेलं असतं. उन्हाळ्याची मी आता वाट बघते, हे सोलापूरच्या माणसानं म्हणणं म्हणजे काय ते तुम्हालाच कळेल.

पण मी हा छंद का धरला, ते अजून सांगितलेलं नाही. ते सांगायलाच आज उभी राहिले आहे.

आपण आठवीत असताना विजापूरला गोलघुमट बघायला सहल गेली होती. जानेवारी होता. रात्री एका धर्मशाळेत मुक्काम, अंथरूण-पांघरूण ज्याचं त्यानं आणायचं. माझे अण्णा यंत्रमागावर चादरी विणायचे. सोलापुरी चादर आज भौगोलिक मानांकन मिरवते. ती विणणाऱ्याच्या घरात मात्र तेव्हा एकही नव्हती. आईनं मला वाकळ बांधून दिली. त्या रात्री सगळ्यांच्या चादरी उलगडल्या, नव्या, मोरांच्या, फुलांच्या. मग माझी उलगडली. अण्णांची खाकी पँट, दादाचा शर्ट, आजीचं लुगडं, माझा जुना परकर, सगळं त्यात होतं. एक मैत्रीण म्हणाली, “अगं, तुझ्या घरच्या सगळ्यांनी एकदमच तुझ्या अंगावर उडी मारलीय!” सगळ्या हसल्या. मीही हसले.

सकाळी निघताना मी ती वाकळ नीट घडी करून धर्मशाळेच्या कोपऱ्यात ठेवली आणि तशीच बसमध्ये येऊन बसले. घरी सांगितलं, हरवली. आईनं रागावायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, “मग परतीच्या गाडीत थंडी वाजली का गं?”

त्या उन्हाळ्यात आई वाकळ शिवायला बसली नाही. तिनं हप्त्यानं एक चादर घेतली, माझ्यासाठी.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्या मागे वहिनी ट्रंक आवरत होती. बोहारीण दारात बसलेली, एका स्टीलच्या पातेल्यावर सौदा ठरत आलेला. मी सहज गेले होते. ट्रंकेत आईची तीन इरकली लुगडी होती, गोमी काठाची, मध्ये विरलेली पण काठ शाबूत. आणि त्यांच्या खाली एक गाठोडं, ठिगळांचं. त्यात आपल्या शाळेच्या निळ्या गणवेशाचा तुकडा होता. माझ्या गणवेशाचा. तिनं तो पुढच्या वाकळेसाठी जपून ठेवला होता आणि ती वाकळ कधी शिवलीच नव्हती. बोहारणीला मी पातेलं परत दिलं. गाठोडं मात्र चार वर्षं माझ्या कपाटात तसंच पडून होतं. निवृत्त झाले, तेव्हा उघडलं.

माझी पहिली वाकळ त्यातून झाली. वाकडी आहे. पण ती कुणाला द्यायची नाही.

जिनं ती थट्टा केली, ती मैत्रीण आज इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही. तिला सहलीतलं काही आठवत नव्हतं. गेल्या वर्षी तिचा फोन आला. तिच्या यजमानांचे शर्ट कपाटात तसेच टांगलेले होते. ठेवताही येईनात, देताही येईनात. मी म्हटलं, घेऊन ये. महिनाभर आम्ही दोघी सकाळी फरशीवर बसून त्या शर्टांची वाकळ शिवली. चौथ्या दिवशी मी तिला धर्मशाळेची गोष्ट सांगितली. तिची सुई थांबली. म्हणाली, “तेव्हा बोलली का नाहीस गं?” मी म्हटलं, “तू एक वाक्य बोललीस. वाकळ तिथे टाकून मी आले.” बराच वेळ दोघी शिवत राहिलो. मग तीच म्हणाली, “आता या वाकळेत बघ, माझा माणूस एकटाच सगळ्या बाजूंनी उडी मारतोय.” आणि आम्ही दोघी रडेपर्यंत हसलो.

तर सांगायचं एवढंच. घरी आईची, सासूबाईंची लुगडी असतील तर बोहारणीला द्यायच्या आधी एकदा हात फिरवून बघा. शिवायचं असेल तर मृगापर्यंत रोज पहाटे साडेपाचला माझं दार उघडं आहे. पुरुषांनीही यावं, अंगुस्तान सगळ्यांच्या बोटाला बसतं. चहा माझा, चष्मा ज्याचा त्यानं आणायचा.

आणि बाई, तुम्ही सातवीत रुमालावर धावदोरा शिकवला होता आणि मला दहापैकी चार गुण दिले होते. ती वाकडी वाकळ मी आज पिशवीत घालून आणली आहे. चहाच्या वेळी जरा टाके तपासून द्या.