माती राखते ते गवत

(वार्षिक सभेत केलेले भाषण)



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मी काही वर्षे माती अडवण्याचे काम करतो आहे. तुमच्या देणगीचा तिथे सर्वांत चांगला उपयोग कसा होईल, एवढेच आज सांगतो.

तिथल्या वारली आणि कोकणा कुटुंबांकडे भातखाचरे थोडी, बाकी जमीन वरकस, म्हणजे डोंगरउताराची. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक, अशी जुनी रीत. पडीक वर्षांत गवत वाढे, पाला कुजे, जमीन पुन्हा सावरे. आता वाटण्या होऊन तुकडे लहान झाले, तसा जमिनीचा विसावाही आखडला.

पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने उघड्या जमिनीवर आपटतो आणि माती फोडतो. सुटे झालेले कण मग वाहते पाणी नेते. उतार जितका तीव्र आणि लांब, तितका पाण्याला जोर. एका एकरावरून एक मिलिमीटर माती गेली तर ती सुमारे ५ टन भरते. शेतात उभे राहून मात ती गेलेली दिसतही नाही. आधी जाते ती वरची बारीक, कसदार माती. मागे राहतो मुरूम. त्यात ओल टिकत नाही, पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की नाचणी सुकते. धान्य कमी आले की दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि मुलांची शाळा सुटते.

यावर उपाय म्हणून आपल्याला लगेच झाडे आठवतात. झाडे हवीतच. पण सागाच्या रुंद पानावरून गळणारा थेंब पावसाच्या थेंबाहून मोठा असतो. खालचा पाला राबासाठी झाडून नेला असेल किंवा वणव्यात जळला असेल, तर भर झाडीतलीही माती वाहून जाते. माती राखते ते जमिनीलगतचे पांघरूण: गवत, पाला, झुडपे.

उतार आपल्याला बदलता येत नाही. पण त्याची लांबी तोडता येते. समतल रेषेत चर खणायचे, त्यांच्या काठाने वाळ्याचे ठोंब दाटीने लावायचे. वाळ्याची मुळे २-३ मीटर खोल जातात, वर पात्यांची भिंत होते. पाणी थबकते, गाळ मागे साठतो. जून झालेल्या वाळ्याला गुरे फारसे तोंड लावत नाहीत. बाकी उतारावर पाड्यानेच ठरवून काही काळ चराई बंद ठेवायची आणि वणवा लागू द्यायचा नाही. हा निर्णय पाड्याचाच असला पाहिजे, कारण गुरे त्यांची आणि चाऱ्याची अडचणही त्यांचीच.

म्हणून माझी विनंती आहे: यंदा रोपांबरोबर ठोंबांसाठी आणि चर खणणाऱ्यांच्या मजुरीसाठीही द्या. गवतावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, हे खरे. पण रविवारच्या शाळेत दोन तिरक्या ट्रे ठेवा, एकीत उघडी माती, दुसरीत गवताचा थर. दोन्हींवर झारीने पाणी घाला. खाली गोळा झालेल्या पाण्याचा रंग पाहून मुलेच तुम्हाला सांगतील, पैसे कुठे द्यायचे ते.