बटणांचा फोन



या व्यासपीठावरून दरवर्षी साहित्य, इतिहास यांतले जाणकार बोलतात. मला चिटणीस म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या अनुभवाचं काहीतरी बोला की हो." म्हणून मी आज फोनवर बोलणार आहे. म्हणजे फोनविषयी.

2020 पर्यंत माझ्याकडे नोकिया 1100 होता. 2003 मध्ये बाजारात आलेलं ते मॉडेल. त्याच्या डोक्यावर टॉर्च असे. त्या टॉर्चनं मी किती घसे पाहिले याला गणती नाही. मुलगा म्हणे, "बाबा, आता बदला." मी म्हणे, चालतोय तो टाकायचा कशाला? आपल्या धर्मात अपरिग्रह सांगितलाय. खरं सांगायचं तर त्यात अपरिग्रह थोडा आणि हट्ट जास्त होता.

शिवाय कानाचा गर्व होता. रोगी बोलत असताना वैद्यानं मध्ये तोंड घालू नये, असं हानेमान 'ऑर्गेनन'मध्ये बजावून गेलेत. तीस-पस्तीस वर्षं मी तेच केलं. खोकला कोरडा की ओला हे मला फोनवर कळे. मग चित्रं हवीत कशाला?

त्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती. शिनोळीजवळ हद्द बंद, त्यामुळे चंदगडकडचे माझे पेशंट पलीकडेच अडकले. त्यांतल्या एका मावशींच्या मुलाचा फोन आला, "आईच्या कपाळाला पुरळ उठलंय, आग होतेय. उन्हानं असंल." मी सगळं विचारलं. आग रात्री वाढते का, गार पाण्यानं बरं वाटतं का, झोप लागते का. त्यांच्या घरी होतं त्यातलं औषध सांगितलं. तो म्हणाला, "फोटो टाकू काय?" मी म्हटलं, "माझ्या फोनवर ते येत नाही. तू सांग, मी ऐकतोय."

पुरळ एकाच बाजूला आहे का, एवढं मात्र मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळा सुजल्याचं कळलं. तेव्हा शेजारच्या मेडिकलवाल्याच्या फोनवर फोटो मागवला. उजव्या कपाळावर फोडांचा पट्टा, बरोबर मधोमध कापल्यासारखा थांबलेला. आणि नाकाच्या शेंड्यावर एक फोड. नागीण होती. नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच मज्जातंतूची शाखा जाते, म्हणून तिथला फोड दिसला की डोळ्याला धोका धरायचा. विषाणूवरची औषधं शक्यतो 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. त्यांतले बहुतेक तास मी ऐकण्यात घालवले होते. आत्ताच्या आत्ता गडहिंग्लजला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, म्हणून सांगितलं. ते गेले. डोळा वाचला, पण त्या डोळ्यानं मावशींना अजून धुरकट दिसतं.

दुकानं उघडल्यावर मी नवा फोन घेतला. नातीनं शिकवला. बोट जोरात दाबायचं नसतं हे समजायलाच आठवडा गेला. बोलून मराठी टाइप करायची सोय तिनं दाखवली, पण आमचं 'काय करूलाल्यात' त्या यंत्राच्या पचनी पडत नाही.

भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी फोनवर क्षमेच्या फुलाफुलांच्या चित्रांचा पाऊस पडला. मी एकही पुढे पाठवलं नाही. मावशींना फोन लावला आणि जे चुकलं ते सांगून क्षमा मागितली. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते असू दे डॉक्टर, गुडघ्याचं काय करायचं सांगा." पुढच्या वर्षी चंदगडचे काजू घेऊन आल्या. ती पिशवी घेताना मला त्यांच्या डोळ्याकडे बघवेना.

आता उलटी तऱ्हा झालीय. लोक नुसतेच फोटो पाठवतात. जिभेचा फोटो, खाली एक अक्षर नाही. निळ्या खुणा उमटल्या की पाचव्या मिनिटाला "औषध?" सामायिकाला बसलो की अठ्ठेचाळीस मिनिटं फोन बंद असतो, त्यावर रुसणारेही आहेत. फोटोत आग दिसत नाही, रात्रीची तळमळ दिसत नाही. म्हणून मी फोटो पाहतो आणि स्वतःच फोन लावतो, "पाहिलं. आता बोला." पुष्कळांना याचं नवल वाटतं, काहींना त्रासही होतो.

नोकिया टेबलाच्या खणात आहे. सिमकार्ड काढलंय, चार्जिंग मात्र ठेवतो. नव्या फोनचा उजेड पाठीला असतो, त्यामुळे लहान मुलाच्या घशाशी तो नीट धरता येत नाही. तिथं अजून जुनाच लागतो.