विजेची बचत : पहिला खर्च कोणी सोसायचा?

(अभ्यासवर्गातील भाषण)



विजेच्या काटकसरीचा विषय निघाला की दिवे मालवण्याचा उपदेश सुरू होतो. ज्या खोलीत मुळात एकच दिवा जळतो, तेथे या उपदेशाला काय अर्थ? कार्यक्षमता ही निराळी गोष्ट आहे. उजेड तेवढाच, वारा तेवढाच, वीज मात्र कमी. ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब आणि ९ वॉटचा एलईडी दिवा जवळजवळ सारखाच उजेड देतात. रोज पाच तास लागणारा एक बल्ब बदलला, तर वर्षाकाठी सुमारे ९३ युनिट वीज वाचते. परंतु बचत पदरी पडते महिन्यामहिन्याने, आणि किंमत मोजावी लागते एकदम. कष्टकऱ्याची अडचण नेमकी येथेच आहे.

संसदेने २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि २००२ मध्ये केंद्रात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. पण घराघरांपर्यंत पोचण्याचे काम राज्यांचे आहे. प्रत्येक राज्याने एक यंत्रणा नेमावी आणि ऊर्जा संवर्धन निधी उभारावा, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात ही जबाबदारी महाऊर्जेकडे आहे. केरळात ती १९९६ मध्येच स्थापन झालेल्या एनर्जी मॅनेजमेंट सेंटरकडे आहे.

केरळचा अनुभव विशेष बोलका आहे. त्या राज्याला बरीच वीज बाहेरून विकत घ्यावी लागते आणि संध्याकाळी मागणी एकदम चढते. म्हणून २०१० मध्ये तेथे ‘बचत लॅम्प योजने’खाली दोन जुन्या बल्बांच्या बदल्यात दोन सीएफएल दिवे प्रत्येकी १५ रुपयांना देण्यात आले. योजनेची मूळ आखणी अशी, की दिव्याची उरलेली किंमत कार्बन-क्रेडिटच्या विक्रीतून भरून निघावी. पुढे २०१२ च्या सुमारास त्या क्रेडिटचे जागतिक भाव कोसळले आणि देशभर या योजनेचा आर्थिक पायाच ढासळला. गरिबाच्या घरातील उजेड दूरच्या बाजारभावावर टांगून ठेवता येत नाही, हा त्यातला धडा.

पुढची वाट निराळी होती. कासरगोड जिल्ह्यातील पिलिकोड ग्रामपंचायत २०१६ मध्ये तारेच्या बल्बापासून मुक्त झाली. राज्याने २०१८ मध्ये हाच कार्यक्रम सर्वत्र नेण्याचे ठरविले. वीजमंडळाने एलईडी दिवे पुरवायचे, जुने बल्ब परत घ्यायचे आणि किंमत वीजबिलातून हप्त्याहप्त्याने वसूल करायची, अशी त्याची रचना होती. पहिला खर्च सार्वजनिक यंत्रणेने उचलला, आणि ग्राहकाने तो बचतीतून फेडला.

दिव्यांचा प्रश्न आज बराच सुटला आहे. पंख्यांचा सुटलेला नाही. साधा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. पण तो महाग असल्याने सुखवस्तू घरांतच आधी पोचतो. म्हणून सभासदांनी आपापल्या राज्यात दोन प्रश्न लावून धरावेत : ऊर्जा संवर्धन निधी उभारला गेला काय, आणि त्यातला किती पैसा कामगारवस्त्यांपर्यंत पोचला? बिलातून हप्ते फेडून पंखा मिळावा, ही मागणी वस्तीवस्तीतून पुढे आली पाहिजे.