दारचें कोंबडें कोणत्या जातीचें?
(शेतकरी व कारागीर मंडळीपुढें झालेलें भाषण)



सभेंत कोंबडीचा विषय काढला म्हणून कोणी हंसेल तर हंसो. ज्यांना कोंबडीचा विटाळ होतो त्यांना हंसणें परवडतें. आपल्या घरचें मीठमिरची आणि मुलांच्या वह्या पुष्कळदां खुराड्यांतूनच निघतात, आणि तो पैसा घरधनिणीच्या हातचा असतो. म्हणून हा प्रश्न आम्ही पोटाचा समजतों.

कोंबडीनें खाल्लेला दाणा एक तर अंगीं लागतो, नाहीं तर अंड्यांत जातो. पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेंच्या घरांत अंडीं देते, पण तिच्या अंगावर मांस नाहीं. ब्रॉयलर दीड महिन्यांत दोन किलो भरतो, पण विकतचें खाद्य व बंदिस्त घर त्याला हवें. उकिरडा उकरणें त्याच्या कुंडलींतच नाहीं! बरें, दहा पिलें निघालीं तर निम्मे नर असावयाचेच. लेगहॉर्नचा नर कोणी फुकट घेत नाहीं. गरिबाच्या दारीं नराचेंहि मोल झालें पाहिजे, म्हणून अंडें व मांस दोन्ही देणारी जात हवी.

अशा जाती आपल्याच देशांत तयार झाल्या आहेत. हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेची वनराजा परसांत वर्षाला १०० ते ११० अंडीं देते. बंगळूरच्या विद्यापीठांत निघालेली गिरिराजा १३० ते १५० देते. आपली गांवठी ५०-६० वर थांबते. दोघींचेहि नर अंगानें भरदार. ग्रामप्रिया अंड्यांत यांच्याहि पुढें, पण अंगानें हलकी.

मग गांवठी टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं. ह्या सुधारलेल्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहींत, आणि त्यांचीं अंडीं गांवठीखालीं उबविलीं तरी संकराचा गुण पुढच्या पिढींत टिकत नाहीं. म्हणजे दर खेपेस पिलें विकत. सावकाराच्या दारांतून सुटून पिलेंवाल्याच्या दारांत उभें राहण्यांत काय मिळविलें?

ज्या घरास दरवर्षीं पिलें घेण्याची ऐपत नाहीं, त्यानें गांवठी कोंबड्या ठेवून त्यांत ऱ्होड आयलंड रेडचा एक चांगला नर सोडावा. ही शुद्ध जात आहे, तांबडी, अंड्यामांसाला सारखीच चांगली. आठ-दहा कोंबड्यांस एक नर पुरतो. दुसरे नर तेथें ठेवूं नयेत, आणि लेकी अंड्यावर येण्यापूर्वीं नर बदलावा. दोन घरांनीं आपसांत अदलाबदल केली तर पैसाहि लागत नाहीं. रवणीला गांवठीच बसवावी. दहा-बारा अंडीं, एकवीस दिवस. तिच्याइतकी पिलें सांभाळणारी दाई दुसरी नाहीं.

आतां थोडें कडू बोलतों. कळपांतला सर्वांत उमदा कोंबडा कोठें जातो? म्हसोबाच्या नवसाला, नाहीं तर पाहुण्याच्या ताटांत. मागें उरतो तो लंगडा, किरटा. तोच पुढच्या पिलांचा बाप. असें पिढ्यान्‌पिढ्या चाललें आहे, आणि आपण म्हणतों गांवठीची जातच हलकी! बैलाचा वळू निवडतांना आपण असें करीत नाहीं. देवाला कोंबडा मागण्याची भूक नाहीं असें आमचें मत आहे. पण ज्याला द्यावयाचाच असेल त्यानें निदान बीजाचा राखून दुसरा द्यावा.

कडकनाथाविषयींहि विचारतात. झाबुआचा तो काळा कोंबडा, २०१८ सालीं त्यास भौगोलिक मानांकन मिळालें. पक्षी काटक आहे, त्याचें मांस महाग विकतें; पण अंडीं बेताचीं आणि वाढ सावकाश. २०१९ सालीं त्याच्याच नांवावर सांगली-कोल्हापूरकडील कितीएक शेतकऱ्यांचे लाखों रुपये बुडाले. पिलें आम्हीच देऊं, अंडीं आम्हीच चढ्या भावानें घेऊं, असें एकच माणूस दोन्ही तोंडांनीं बोलूं लागला कीं उठून चालूं लागावें. अंडें गांवच्या बाजारांत किती मोलाला जातें तेवढेंच विचारावें.

पिलें सरकारी उबवणी केंद्रांतून घ्यावीं. शक्य तर महिनाभराचीं घ्यावीं, घारीच्या व थंडीच्या तडाख्यांतून तीं वांचतात. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत थेंब घालून, आणि आठव्या आठवड्यांत टोचून द्यावी. एका कुपींत बहुधा शंभर पक्ष्यांची लस असते आणि फोडल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. तेव्हां आळींतल्या सर्वांनीं मिळून एकच दिवस ठरवावा, पशुवैद्यांस अगोदर कळवावें, आणि सकाळीं खुराडीं उघडण्यापूर्वींच कुपी बर्फांत घालून आणावी.