आईचे खोटे आणि आईचे खरे



आया पोरांना जे सांगतात त्याला शास्त्रार्थ लावू नये, असा संकेत आहे. तो आज आम्ही मोडणार आहोत. चहा प्यायलास तर काळा होशील, कलिंगडाची बी गिळलीस तर पोटात वेल उगवेल, मीठ सांडलेस तर देव पापण्यांनी वेचायला लावील, ही सारी विधाने साफ खोटी आहेत. चहाने माणूस काळा होता तर इंग्रजांना आमच्यात ओळखणे कठीण झाले असते! पण पोर चहापासून चार वर्षे दूर राहते आणि मीठ जपते. कारण खोटे, हुकूम खरा, असा हा मामला आहे.

एक वचन मात्र कारणासकट बरेचसे खरे निघाले. दिवेलागणीनंतर पान तोडू नको, झाड झोपले आहे, असे घरोघर सांगत. चिंचेची पाने रात्री मिटतात हे आईने पाहिलेलेच असते. डार्विनने 1880 सालच्या ग्रंथात या झोपेचा विस्ताराने विचार केला. 2016 साली फिनलंड व ऑस्ट्रियातील भूर्जवृक्ष लेसर किरणांनी रात्रभर मोजले, तेव्हा फांद्या सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत झुकलेल्या आढळल्या. याला झोप म्हणावे की नाही, हे पंडितांनी ठरवावे.

पण पोर विचारते, "मग दिवसा तोडू का?" येथे आई निरुत्तर होते, आणि आमच्या जिल्ह्यातील डोंगर उघडे पडले ते दिवसाढवळ्याच. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी घ्या. पाऊस वर्षाला जेमतेम चारपाचशे मिलिमीटर. पाणी सांडू नको, लक्ष्मी जाते, हे तेथल्या आयांनीही सांगितलेच असेल. घरात घागरीतला थेंब जपायचा, आणि डोंगरावरचे पाणी मातीसकट ओढ्याने निघून जायचे! त्यामागोमाग माणसेही पोटासाठी बाहेर पडत. लक्ष्मी गेली ती अशी. 1975 साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले. पुढे गावाने नालाबांध व पाझर तलाव बांधले, झाडे लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. विहिरींना पाणी चढले, एका पिकाची दोन पिके झाली. हुकूम आईचाच होता; पण आईचा धाक पोर मोठे होईतोच पुरतो, पुढे गावाला एकत्र बसून ठरवावे लागते.

आता एक वचन असे की, ज्यापुढे हसू मावळते. पोराला जुलाब लागले की पाणी देऊ नये, दिल्यास आणखी लागतील. हे ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! आणि याच शहाणपणाने अंगातले पाणी आटून किती पोरे गेली असतील. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांना पाजविले. पाजणारे बहुतेक रोग्यांचे नातलगच होते. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चाराच्या आत आले.

आणि गंमत पाहा. पाणी नको म्हणणारी तीच आई पोर जरा सावरले की मीठ घातलेली तांदळाची पेज वाटीवाटीने पाजते. ती आधीच, पहिल्या जुलाबापासूनच पाजायला हवी होती.